एक संगणक, दोन ग्राफिक्स कार्डें

दौंड तालुक्यांत केडगांव, यवत, पाटस या बाजूस ऊंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागतो. चरकांतून रस निघतो, तो काहिलींत पडतो, खालीं चुलवाणांत चिपाडें पेटत असतात आणि गुळव्या पाकावर डोळा ठेवून उभा असतो. अशा एखाद्या गुऱ्हाळवाल्याच्या मनांत आलें कीं, धंदा वाढवावयाचा तर आणखी एक चरक घ्यावा. तर त्याचें काम निम्म्या वेळांत होईल काय? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका काहिलीपुरता रस गाळण्यास समजा दोन तास लागतात आणि तो आटवून गूळ उतरविण्यास तीन तास. एकूण पांच तास. दुसरा चरक आणला तर गाळण्याच्या दोन तासांचा एक तास होईल, आटविण्याचे तीन तास मात्र तसेच राहतील. पांचांचे चार झाले. अडीच झाले नाहींत. दहा चरक आणले तरी तीन तासांच्या खालीं हें काम येणार नाहीं. कारण काहील एकच आहे.

हाच हिशेब अमेरिकेंतील संगणक-अभियंते जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं संगणकांच्या बाबतींत मांडला. कामाचा जेवढा भाग वांटून देतां येतो तेवढाच जास्त हातांनीं लवकर होतो. जो भाग वांटतां येत नाहीं तो शेवटीं सर्वांस अडवून धरतो, असें त्याचें सार आहे. एका संगणकांत दोन ग्राफिक्स कार्डें बसवावीं कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक या एका वाक्यांत आहे. पण तें काढतांना पुष्कळांची फसगत होते.

हा प्रश्न आतां केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं. रांजणगांवच्या कारखान्यांत नोकरी करणारा शिरूरचा एखादा गृहस्थ घ्यावा. मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. घरच्या संगणकांत एक ग्राफिक्स कार्ड आहे, आणि तसलेंच दुसरें बसविलें तर यंत्राचें बळ दुप्पट होईल, असें मुलाचें म्हणणें आहे. चांगल्या कार्डाची किंमत घरच्या महिन्याच्या मिळकतीइतकी, कित्येकदां तिच्याहूनहि अधिक असते. नाहीं म्हणावें तर मुलाचा अभ्यास अडेल ही धास्ती. हो म्हणावें तर पैसा पाण्यांत जाईल ही भीति. अशा वेळीं वडिलांना यंत्रशास्त्र येत नसलें तरी चालेल. पण दोन कार्डें एकत्र काम करतात म्हणजे नेमकें काय करतात, हें ठाऊक असलेलें बरें.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारें चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. नेहमींच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ किंवा हलतें चित्र सफाईदार दिसावयाचें तर हे सारे ठिपके सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदास १२ कोटींहून अधिक. संगणकाचा मुख्य मेंदू हुशार खरा, पण त्याच्यापाशीं हात थोडे. म्हणून हें काम ग्राफिक्स कार्डाकडे सोंपवितात. त्या कार्डांत साधेसुधे असे हजारों गणक एकाच वेळीं, एकाच प्रकारचा हिशेब, निरनिराळ्या ठिपक्यांसाठीं करीत असतात. एका कार्डांतच काम इतकें वांटलेलें असल्यामुळें, दोन कार्डें लावलीं तर तें आणखी दोन वांट्यांत सहज विभागेल, असें कोणासहि वाटणें साहजिक आहे.

आरंभीं तें तसेंच घडलें. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ‘व्हूडू-२’ हें कार्ड काढलें. अशीं दोन कार्डें एका संगणकांत बसवून एकमेकांस तारेनें जोडतां येत. चित्राच्या ओळींपैकीं विषम ओळी एक कार्ड काढी, सम ओळी दुसरें. या जोडीला ‘एसएलआय’ असें नांव होतें. एकट्या कार्डाला आडवे ८०० व उभे ६०० ठिपक्यांच्या चित्राची मर्यादा असे. जोडीला १,०२४ व ७६८ ठिपक्यांचें चित्र काढतां येई. पुढें ती कंपनी बुडाली व तिची मालमत्ता एन्व्हिडिया कंपनीनें घेतली. एन्व्हिडियानें २००४ सालीं तेंच नांव पुन्हां बाजारांत आणलें. २००५ सालीं एटीआय कंपनीनें ‘क्रॉसफायर’ या नांवानें आपली जोडी काढली. दोन कार्डांचा संगणक हें मग कित्येक वर्षें तरुणांच्या मनोराज्याचें एक चिन्ह होऊन बसलें.

या नव्या जोड्यांनीं वांटणीची तऱ्हा मात्र बदलली. ओळी वांटण्याऐवजीं आतां सबंध चित्रेंच वांटूं लागले. पहिलें, तिसरें, पांचवें चित्र एका कार्डानें काढावयाचें. दुसरें, चौथें, सहावें दुसऱ्यानें. कागदावर ही वांटणी अगदीं सरळ दिसते. अडचण येथूनच सुरू झाली.

दौंड जंक्शनवर उभें राहणाऱ्यास जोडइंजिनांचें दृश्य नवें नाहीं. जड मालगाडीला दोन विद्युत इंजिनें जोडलेलीं असतात, तीं तारेनें बांधलेलीं असतात आणि एकाच चालकाच्या हातीं दोहोंचा कारभार असतो. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनें लागतात आणि दर ३७ फुटांस एक फूट अशी बोरघाटाची चढण त्यांच्या रेट्यानें पार होते. येथें दुसऱ्या इंजिनाचें बळ पहिल्याच्या बळांत सरळ मिळतें, कारण ओझें एकच आहे आणि दोन्ही इंजिनें त्यालाच एका दिशेनें लोटीत आहेत. चित्रांचें तसें नाहीं. चित्रांना क्रम असतो. तिसरें चित्र दुसऱ्याच्या आधीं तयार झालें तरी तें दाखवितां येत नाहीं. दुसरें उशिरां आलें तर तिसरें त्याच्या पाठोपाठ येऊन आदळतें. सेकंदास साठ चित्रें म्हणजे दर चित्रास सुमारें १७ सहस्रांश सेकंद. पण जोडकार्डांवर एक चित्र पांच सहस्रांशांनीं यावें आणि पुढचें अठ्ठावीस सहस्रांशांनीं, असा प्रकार होऊं लागला. सेकंदाला किती चित्रें निघालीं हें मोजणाऱ्या माणसाला आंकडा मोठा दिसे. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्याला मात्र खेळ अडखळल्यासारखा भासे. जाहिरातींत सरासरी छापतां येते. डोळा सरासरी पाहत नाहीं.

दुसरी अडचण याहून खोल होती. नवीं चित्रें काढण्याच्या रीतींत मागील चित्राचा उपयोग करण्याची पद्धति रूढ झाली. मागच्या चित्रांत कोणती वस्तु कोठें होती हें पाहून पुढचें चित्र अधिक गुळगुळीत करावयाचें. आतां मागचें चित्र जर शेजारच्या कार्डांत असेल, तर तें मागवून घ्यावें लागतें, आणि तें येईपर्यंत या कार्डानें हात बांधून बसावयाचें. पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या गाड्यांना दौंडास एका टोकाचें इंजिन काढून दुसऱ्या टोकास लावावें लागे. इंजिन कितीहि जोरदार असलें तरी त्या खोळंब्यांत त्याच्या जोराचा कांहीं उपयोग नसे. पुढें दौंड कॉर्ड मार्ग झाला आणि कित्येक गाड्यांचा हा वेळ वांचला. तो इंजिनें बळकट झालीं म्हणून नव्हे, तर उलटापालट टळली म्हणून. जोडकार्डांना असा कॉर्ड मार्ग खेळांच्या बाबतींत सांपडला नाहीं.

तिसरी गोष्ट स्मृतीची. आठ गीगाबाइटचीं दोन कार्डें घेतलीं म्हणजे सोळा गीगाबाइट झालीं, असें पुष्कळांना वाटे. तसें होत नसे. दोन गवंडी एकाच घराच्या दोन भिंती बांधीत असले तरी प्रत्येकाच्या हातीं सबंध घराचा नकाशा लागतो. त्याचप्रमाणें खेळांतील डोंगर, घरें, माणसें यांची सारी सामग्री दोन्ही कार्डांत जशीच्या तशी भरावी लागे. दोन नकाशे झाले म्हणून घर दुप्पट होत नाहीं.

शेवटीं कंपन्यांनींच हा मार्ग सोडला. १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठीं नव्या खेळांची सोय आपण करणार नाहीं, असें एन्व्हिडियानें आधींच्या वर्षीं जाहीर केलें. ज्याला हवें असेल त्या खेळकर्त्यानेंच आपल्या खेळांत तशी व्यवस्था करावी, असें ठरलें. इतका खटाटोप करणारे फार थोडे निघाले. २०२२ सालीं आलेल्या तिच्या नव्या पिढीच्या घरगुती कार्डांवर तर जोडणीचा सांधाच ठेवलेला नव्हता.

एवढ्यावरून दोन कार्डांची कल्पनाच खोटी होती, असें मात्र कोणीं समजूं नये. एका अजस्त्र यंत्राऐवजीं पुष्कळ लहान यंत्रें जुंपून काम करण्याची परंपरा पुणें जिल्ह्यांत जुनी आहे. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभा केला. आणि एका संगणकांत दोन कार्डें बसवून दोहोंकडूनहि पुरेपूर काम कसें घ्यावें, याचें उत्तम उदाहरण शिरूरच्या वायव्येस, शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें पाहावयास मिळतें.

नारायणगांवाजवळच्या या गांवीं गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांतून जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवितें, आणि २००२ सालापासून ती जगांतील खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथें आहेत. त्यांतील १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत दाटीनें उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन फांट्यांवर, सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत, शेतांमधून पसरलेल्या आहेत. आकाशांतून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी या तबकड्या टिपतात. पण एका तबकडीच्या नोंदीवरून बारीक चित्र उमटत नाहीं. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशीं गुणून पाहावा लागतो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात, आणि त्या सर्वांच्या गुणाकारांतून आकाशाचें चित्र हळूहळू उकलतें.

पूर्वीं ही दुर्बीण एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐके. पुढें तिची मोठी सुधारणा झाली आणि ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे साडेबारा पट वाढली. चारशें मेगाहर्ट्झचा पट्टा टिपावयाचा तर प्रत्येक संकेताची सेकंदास ८० कोटी वेळां नोंद घ्यावी लागते. तबकड्या तीस, आणि प्रत्येकीचे दोन संकेत. म्हणजे साठ संकेत मिळून सेकंदास ४,८०० कोटी नोंदी. त्या साठवून रात्रीं सवडीनें हिशेब करूं म्हटलें तर ठेवावयास जागा पुरणार नाहीं; येतांक्षणींच गणित होऊन गेलें पाहिजे. एक सेकंद मागें पडला कीं पुढचा सेकंद दाराशीं उभा असतो, आणि मागचा कायमचा हातचा जातो. या कामासाठीं सुधारणेच्या वेळीं सोळा संगणकांची एक मांडणी उभारण्यांत आली, आणि त्यांतील प्रत्येक संगणकांत टेस्ला के-४० जातीचीं दोन दोन ग्राफिक्स कार्डें बसविण्यांत आलीं. बत्तीस कार्डें, आणि पडद्यावर चित्र काढण्याचें काम त्यांपैकीं एकासहि नाहीं. चित्रांसाठीं जन्मलेलें यंत्र येथें शुद्ध गणितास जुंपलें गेलें.

येथें जोडी कां जमली? कारण कामाचा स्वभावच वेगळा. दुर्बिणीकडून येणाऱ्या नोंदींचे काळाच्या क्रमानें लहान लहान तुकडे पाडतात आणि ते यंत्रांना वांटून देतात. या क्षणाच्या तुकड्याचा गुणाकार करावयास मागील क्षणाच्या तुकड्याचें उत्तर लागत नाहीं. प्रत्येक कार्ड आपला तुकडा घेतें, त्यांतील निरनिराळ्या लहरी वेगळ्या करतें, तबकड्यांच्या जोड्यांचे गुणाकार करतें. आणि शेवटीं फक्त बेरजा एकत्र करावयाच्या असतात. कोणी कोणासाठीं खोळंबत नाहीं. जणूं प्रत्येक चरकाला त्याची स्वतःची काहील दिलेली आहे. खेळांत जी जोडी अडखळली तीच जोडी येथें अखंड चालली. कार्डें तींच, काम निराळें.

घरच्या संगणकांतहि असा फरक करतां येतो. एखादें चलच्चित्र ब्लेंडरसारख्या प्रणालींत तयार करावयाचें असेल तर त्यांतील चित्रें सुटीं सुटीं, वाटेल त्या क्रमानें काढून ठेवलीं तरी चालतात; तीं दाखवावयाचीं असतात मागाहून. तेथें दुसरें कार्ड आपल्या किंमतीचें काम करून देतें. निरनिराळे दोन प्रयोग एकाच वेळीं चालवावयाचे असले, तरीहि तसेंच.

हल्लीं भाषा जाणणाऱ्या यंत्रप्रणाली घरच्या संगणकावर चालविण्याची हौस विद्यार्थ्यांत वाढली आहे. मुलानें दुसरें कार्ड मागण्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. येथील हिशेब आणखी निराळा आहे. ७,००० कोटी अंक पोटांत बाळगणारी एखादी प्रणाली, प्रत्येक अंक चार बिटांत आवळून बसविला तरी, सुमारें ३५ गीगाबाइट जागा घेते. चोवीस गीगाबाइटच्या एका कार्डांत ती मावत नाहीं. दोन कार्डांत मावते. प्रणालीचे पहिले थर एका कार्डांत आणि उरलेले दुसऱ्यांत ठेवतात. येथें दोन नकाशांची गरज नसल्यामुळें स्मृति खरोखरच बेरजेनें वाढते. पण अशा मांडणींत पहिल्याचें काम झाल्यावांचून दुसऱ्यास आरंभ करतां येत नाहीं, म्हणून वेग दुप्पट होत नाहीं. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठचे शेतकरी उंचावरील रानास दोन टप्प्यांनीं पाणी चढवितात. दुसऱ्या पंपामुळें पाणी दुप्पट येत नाहीं. जेथें एक थेंबहि पोंचत नव्हता तेथें तें पोंचतें. ज्याचें रान उंचावर आहे त्याला याचें मोल वेगळें सांगावयास नको.

खर्चाची बाजूहि पाहिली पाहिजे. आरटीएक्स ३०९० या कार्डाला भरकामांत ३५० वॅटपर्यंत वीज लागते. अशीं दोन कार्डें दहा तास पुऱ्या जोरानें चालविलीं तर त्यांच्यापुरतेच सात युनिट होतात. तेवढी वीज पुरविणारा वीजपुरवठा-संच आधींच्या पेटींत बहुधा नसतो. तो नवा घ्यावा लागतो. दोन कार्डें अंगास अंग लावून बसविलीं तर वरचें कार्ड खालच्याचाच ऊष्मा ओढून घेतें आणि तापलें कीं आपला वेग आपण होऊन कमी करतें. शिरूरच्या वैशाखांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. शिवाय मुख्य फळीवर दुसऱ्या कार्डाची खांच आहे कीं नाहीं, असल्यास तिला पुरेशा वाहिन्या मिळतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. साध्या फळीवर पुष्कळदां दुसऱ्या खांचेस अगदीं थोड्या वाहिन्या असतात. कांहींवर सोळा वाहिन्यांची आठ-आठ अशी वांटणी होते.

तेव्हां त्या शिरूरच्या गृहस्थानें काय करावें? मुलगा खेळासाठीं दुसरें कार्ड मागत असेल तर तें घेऊं नये. फारच गरज असेल तर जुनें विकून त्या पैशांत भर घालावी आणि एकच चांगलें घ्यावें. तो अभ्यासाच्या कामासाठीं मागत असेल तर त्याच्या शेजारीं बसून, काम चालू असतांना पहिलें कार्ड किती टक्के भरलेलें आहे तें पडद्यावर पाहावें. तेंच निम्मेंअधिक वेळ रिकामें बसत असेल तर अडथळा दुसरीकडे आहे. दुसरें कार्ड आणल्यानें दोन कार्डें रिकामीं बसतील. पहिलें काठोकाठ भरलेलें असेल, आणि काम सुट्या तुकड्यांत वांटतां येण्यासारखें असेल, किंवा तें स्मृतीच्या अभावीं मुळींच सुरू होत नसेल, तर मुलाचें म्हणणें खरें आहे, आणि तो खर्च खर्च नव्हे. खोडदच्या शास्त्रज्ञांनीं याच हिशेबानें बत्तीस कार्डें घेतलीं.

वडिलांना यंत्राची भाषा येत नसेल, गुऱ्हाळाची येते. काहील कोठें आहे, एवढेंच त्यांनीं मुलास विचारावें. मुलाला त्याचें उत्तर देतां आलें तर कार्ड आणण्यास हरकत नाहीं. देतां आलें नाहीं, तर तें शोधून काढणें हाच त्याचा पहिला अभ्यास.